दूरदूरच्या शाखा कशाने जोडाव्यात?

बँकेत, टपाल कार्यालयात किंवा रेल्वेच्या आरक्षण खिडकीपाशी ‘लिंक नाही’ अशी पाटी आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेली असते. खिडकीमागचा संगणक चालू असतो, वीज असते, कर्मचारीही जागेवर असतो. तरीही काम अडते. याचे कारण असे की ज्या संगणकात आपल्या खात्याची नोंद आहे तो शेकडो किलोमीटर दूर असतो आणि त्याच्याकडे जाणारी वाट बंद पडलेली असते.

एकाच इमारतीतील संगणक एकमेकांना जोडले की स्थानिक जाळे, म्हणजेच ‘लॅन’ तयार होते. तिथे इमारत आपली, भिंती आपल्या आणि तारही आपलीच असते. परंतु पुण्याची कचेरी नागपूरच्या शाखेला जोडायची झाली की मध्ये रस्ते, नद्या, घाट आणि इतरांच्या जमिनी येतात. एखाद्या कारखान्याने किंवा पतसंस्थेने एवढ्या अंतरावर स्वतःची तार टाकणे परवडणारे नसते. ती वाट दूरसंचार कंपनीकडून भाड्याने घ्यावी लागते. अशा भाड्याच्या वाटांनी बनलेल्या दूरवरच्या जाळ्याला विस्तृत क्षेत्र जाळे किंवा ‘वॅन’ म्हणतात. वाटा अनेक प्रकारच्या मिळतात आणि प्रत्येकीचे गुण व भाडे वेगळे असते. म्हणून निवडीचा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न बहुधा ‘यांपैकी सर्वांत वेगवान कोणते?’ अशा शब्दांत विचारला जातो. हा प्रश्नच अपुरा कसा आहे, ते आपण या लेखात पाहू.

वेग म्हणजे नेमके काय?

एक हिशेब करू. ४ टेराबाइट क्षमतेची, माहितीने पूर्ण भरलेली एक हार्ड डिस्क एस.टी.ने नाशिकहून मुंबईला पाठवली. प्रवासाला ५ तास लागले असे धरू. ४ टेराबाइट म्हणजे ३२ लाख कोटी बिट, आणि ५ तास म्हणजे १८,००० सेकंद. भागाकार केला तर सेकंदाला सुमारे १७८ कोटी बिट, म्हणजे १.७८ गिगाबिट इतका दर येतो. घरगुती १०० मेगाबिटच्या जोडणीच्या जवळजवळ अठरापट! डिस्कवर माहिती भरायला आणि उतरवून घ्यायला लागणारा वेळ आपण धरलेला नाही, तरीही एस.टी.चा हा ‘वेग’ थक्क करणारा आहे.

आता त्याच एस.टी.ने ‘माझ्या खात्यात किती पैसे आहेत?’ एवढा एकच प्रश्न पाठवून पाहा. त्याचे उत्तर १० तासांनी मिळेल.

यावरून दोन वेगळ्या राशी स्पष्ट होतात. एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते ती जाळ्याची क्षमता. एक संदेश निघाल्यापासून पोचेपर्यंत जो वेळ जातो तो विलंब. एस.टी.ची क्षमता प्रचंड आहे, पण विलंबही प्रचंड आहे. आपण व्यवहारात दोन्हींना ‘वेग’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो.

क्षमता पैसे मोजून वाढवता येते. विलंबाला मात्र निसर्गाने एक तळ घालून दिलेला आहे. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्याने प्रकाशतंतूमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते गुवाहाटी प्रकाशतंतूची वाट ३,००० किलोमीटर धरली तर जायला १५ मिलिसेकंद आणि उत्तर यायला आणखी १५ मिलिसेकंद लागणारच. कितीही भाडे भरले तरी त्याच वाटेने हा काळ कमी होत नाही.

क्षमता आणि विलंब यांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक म्हणजे वाट वर्षातून किती वेळ चालू राहते, आणि दुसरी म्हणजे तिचा खर्च किती येतो.

आधी काम पाहावे

समजा, एका दूध संघाच्या संकलन केंद्रावर २०० उत्पादक दिवसातून दोनदा दूध घालतात. प्रत्येक वेळी लिटर, फॅट आणि रक्कम यांची नोंद होते. एका नोंदीला २०० बाइट लागतात असे धरले तर दिवसभराची माहिती ८०,००० बाइट, म्हणजे ६,४०,००० बिट झाली. सेकंदाला ६४ किलोबिट एवढी तुटपुंजी जोडणी असली तरी ती १० सेकंदांत निघून जाईल. शिवाय सकाळी जोडणी नसेल तर नोंदी केंद्रावरच साठवून दुपारी पाठवता येतात. या केंद्राला महागड्या वाटेची गरज नाही. नोंदी साठवून ठेवणारा संगणक आणि मोबाइलची साधी जोडणी पुरेशी आहे.

आता तालुक्याच्या गावातील एका रुग्णालयाचा विचार करू. तिथे काढलेल्या सीटी स्कॅनच्या ५०० प्रतिमा शहरातील तज्ज्ञाला दाखवायच्या आहेत. एक प्रतिमा अर्ध्या मेगाबाइटची धरली तर एकूण २५० मेगाबाइट, म्हणजे २०० कोटी बिट झाले. ६४ किलोबिटच्या जोडणीवर याला पावणेनऊ तासांच्या आसपास लागतील. १०० मेगाबिटच्या जोडणीवर २० सेकंद. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो. येथे क्षमता हवीच, मात्र विलंब अर्ध्या सेकंदाने वाढला तर बिघडत नाही.

म्हणजे दूध केंद्राला योग्य असलेली वाट रुग्णालयाला अयोग्य, आणि रुग्णालयाला हवी ती वाट दूध केंद्राला उगाच महाग. निवड कामावरून ठरते हे लक्षात घेऊन आता एक प्रत्यक्षातील उदाहरण जरा सविस्तर पाहू.

राष्ट्रीय शेअर बाजाराची निवड

१९९४ पूर्वी मुंबई शेअर बाजारातील खरेदीविक्री दलाल स्ट्रीटवरील सभागृहात दलालांनी ओरडून भाव पुकारण्याच्या पद्धतीने चाले. पुणे, अहमदाबाद, कोलकाता, चेन्नई अशा शहरांत प्रादेशिक बाजार होते, पण सर्वांत मोठा व्यवहार मुंबईचा. गुवाहाटी किंवा कोईमतूरच्या गुंतवणूकदाराला मुंबईतील भाव कळे तो दूरध्वनीवरून, तोही मध्यस्थांमार्फत. आपला व्यवहार नेमक्या कोणत्या भावाला झाला हे ताडून पाहण्याचे साधन त्याच्या हाती नव्हते.

नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, सभागृह ठेवायचेच नाही असे ठरवले. देशभरातील दलाल आपापल्या कचेरीतील संगणकावरून मागणी नोंदवतील आणि मुंबईतील मुख्य संगणक खरेदीदाराची विक्रेत्याशी जोडी जुळवील, अशी ही योजना होती. ती साधायची तर शेकडो गावे मुंबईशी जोडणे भाग होते. प्रश्न होता, कशाने?

जमिनीवरील भाड्याची तार हा एक पर्याय होता. परंतु त्या काळी साध्या दूरध्वनीसाठीही वर्षानुवर्षे थांबावे लागे. दोन गावांमधील डेटा वाहिनी मिळणे अवघड, मिळाली तर तिची क्षमता थोडी, आणि ती मध्येच कुठे तुटली तर दुरुस्ती कधी होईल याचा भरवसा नाही. एनएसईने निवडला तो दुसरा पर्याय, उपग्रहाचा. प्रत्येक दलालाच्या गच्चीवर लहानशी तबकडी बसवायची. तिचा संदेश इन्सॅट मालिकेतील उपग्रहाकडे जाईल आणि तेथून मुंबईच्या केंद्रावर उतरेल. अशा तबकडीच्या संचाला ‘व्हीसॅट’ म्हणतात. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी एनएसईवर शेअर्सची खरेदीविक्री या जाळ्यावरून सुरू झाली.

आपल्या मोजमापांवर ही निवड घासून पाहू. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येईपर्यंत ७२,००० किलोमीटर कापतो. रेडिओ लहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, म्हणून एका फेरीला ०.२४ सेकंद. मागणी मुंबईला पोचायला एक फेरी आणि तिची पोच परत यायला दुसरी, असा जवळजवळ अर्धा सेकंद गेला. प्रकाशतंतूच्या ३० मिलिसेकंदांच्या तुलनेत हा विलंब सोळापट आहे. ‘सर्वांत वेगवान कोणते?’ या कसोटीवर उपग्रह सपशेल नापास होतो.

पण काम काय होते ते पाहा. पडद्यावरचा भाव वाचून, विचार करून बोटांनी कळा दाबणाऱ्या माणसाला अर्धा सेकंद जाणवतही नाही. मागणीचा संदेश अगदी लहान असतो, त्यामुळे मोठी क्षमताही लागत नाही. उलट, जिथे तार पोचत नाही तिथे तबकडी पोचते. मधल्या शंभर ठिकाणी तुटू शकणारी तारच नसल्याने बिघाडाच्या जागाही कमी होतात.

याहून महत्त्वाची एक गोष्ट भूमितीत दडलेली आहे. मुंबई आणि गुवाहाटी यांच्यात दोन हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे; पण उपग्रहापासून दोन्ही शहरे जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. फरक काही शे किलोमीटरचा, म्हणजे एखाद-दोन मिलिसेकंदांचा. शेजारच्या गल्लीतील दलालाची तबकडी आणि ब्रह्मपुत्रेकाठच्या दलालाची तबकडी यांना जवळजवळ तेवढाच विलंब सोसावा लागतो. दलाल स्ट्रीटजवळ असण्याचा फायदा या जाळ्याने पुसून टाकला. वर्षभरातच एनएसईची उलाढाल शतकाहून जुन्या मुंबई शेअर बाजाराच्या पुढे गेली. त्या बाजारानेही मार्च १९९५ मध्ये संगणकीय व्यवहार सुरू केले होते. या यशाला इतर कारणेही होती, परंतु जाळ्याच्या निवडीचा वाटा मोठा होता.

सूर्य उपग्रहाच्या मागे येतो तेव्हा

उपग्रहाच्या वाटेची स्वतःची दुखणीही आहेत. जोराच्या पावसात लहरी शोषल्या जातात आणि संदेश क्षीण होतो. दुसरे दुखणे अधिक मजेशीर आहे आणि भूगोलाच्या तासाला आवर्जून सांगण्यासारखे आहे.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो. २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या विषुवदिनांच्या आसपास सूर्यही विषुववृत्ताच्या पातळीजवळ असतो. त्या दिवसांत रोज काही मिनिटे सूर्य, उपग्रह आणि आपली तबकडी एका रेषेत येतात. सूर्य हा रेडिओ लहरींचाही मोठा स्रोत आहे. उपग्रहाकडे रोखलेली तबकडी नेमकी सूर्याकडेही रोखली जाते आणि सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून जातो.

आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस असल्याने उपग्रह आपल्याला आकाशातील विषुववृत्ताच्या थोडा दक्षिणेस दिसतो. मुंबईहून सुमारे ३ अंश. त्यामुळे ही युती मार्चच्या विषुवदिनाआधी काही दिवस आणि सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर काही दिवस घडते. २००० नंतरच्या दशकात अशा दिवसांत शेअर बाजाराचे कामकाज भर दुपारी सुमारे पाऊण तास थांबवून संध्याकाळी तेवढा वेळ वाढवून देत. बिघाड अटळ होता, पण त्याची तारीख आणि वेळ आधी गणिताने सांगता येत होती. जो बिघाड आधी सांगता येतो त्याची सोय करता येते, हा निवडीचा आणखी एक निकष झाला.

अर्धा सेकंद मोठा झाला

पुढे दोन बदल झाले. देशभर प्रकाशतंतूंचे जाळे पसरले, आणि खरेदीविक्रीचा निर्णय माणसाऐवजी संगणकाचे कार्यक्रम घेऊ लागले. माणसाला न जाणवणारा अर्धा सेकंद संगणकाच्या दृष्टीने युगासारखा असतो. जाळे तेच, विलंबही तोच. पण काम बदलले आणि १९९४ सालची योग्य निवड त्या कामापुरती अयोग्य ठरली. जमिनीवरील प्रकाशतंतूंनी उपग्रहाची जागा मोठ्या प्रमाणात घेतली. २०१० च्या सुमारास तर दलालांना आपले संगणक भाडे देऊन बाजाराच्याच इमारतीत ठेवण्याची सोय झाली. उपग्रहाने पुसलेले अंतर असे पुन्हा मोलाचे झाले.

याची उलट बाजूही आहे. अमेरिकेत २०१६ साली शेअर बाजाराचा दर्जा मिळालेल्या आयईएक्स या संस्थेने येणाऱ्या प्रत्येक मागणीच्या वाटेत सुमारे ६१ किलोमीटर प्रकाशतंतूचे वेटोळे मुद्दाम ठेवले. त्यामुळे प्रत्येकाला ३५० मायक्रोसेकंद जास्तीचा विलंब होतो आणि केवळ जवळ असल्याचा फायदा बोथट होतो. कामाच्या हेतूला पोषक असेल तर संथ वाटही मुद्दाम निवडली जाते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

दोन तारा, एकच खड्डा

आता वाट चालू राहण्याविषयी. ‘आमची जोडणी ९९ टक्के वेळ चालते’ असे ऐकले की छान वाटते. पण उरलेला १ टक्का म्हणजे वर्षातील साडेतीन दिवसांहून जास्त, सुमारे ८८ तास. यावर उपाय म्हणून दोन कंपन्यांकडून दोन जोडण्या घेतात. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची संभाव्यता ०.०१ × ०.०१, म्हणजे ०.०००१. वर्षाची ५,२५,६०० मिनिटे धरली तर केवळ ५३ मिनिटे. ८८ तासांवरून ५३ मिनिटे, तेही फक्त दुप्पट खर्चात!

हे गणित शाळेतलेच आहे, पण त्याला एक अट आहे. दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. दोन कंपन्यांच्या तारा जर एकाच रस्त्याकडेच्या चरातून गेल्या असतील तर खोदकामाचे एकच यंत्र दोन्ही तोडते. समजा, बिघाडाच्या वेळेपैकी निम्मा वेळ दोघींना समाईक कारणाने येतो. मग दोन्ही बंद असण्याचा काळ ५३ मिनिटे राहत नाही, तो ४४ तासांच्या घरात जातो. दुप्पट भाडे भरून बिघाड जेमतेम निम्मा झाला.

ही केवळ कल्पना नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एनएसईचे कामकाज थांबले आणि दुपारी पावणेचारनंतर पुन्हा सुरू झाले. बाजाराकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या अनेक जोडण्या होत्या. तरी दोन्ही कंपन्यांच्या वाटा त्या दिवशी अडखळल्या. बाजाराच्या दोन केंद्रांमधील रस्त्यावर चाललेले खोदकाम आणि बांधकाम हे त्यामागचे कारण असल्याचे बाजाराने नंतर सांगितले. जोडण्यांच्या गडबडीनंतर व्यवहारांची जोखीम तपासणारी यंत्रणाही कोलमडली होती. म्हणून दुसरी जोडणी घेताना कंपनीचे नाव वेगळे आहे का एवढेच न पाहता वाट वेगळी आहे का, हे विचारावे लागते. एक प्रकाशतंतू आणि एक उपग्रह किंवा मोबाइल अशी जोडी म्हणूनच शहाणपणाची ठरते. खड्डा आकाशात खणता येत नाही आणि पाऊस जमिनीखालच्या तारेला शोषत नाही.

आजचे पर्याय

आज एखादा व्यवसाय शाखा जोडायला निघाला तर त्याच्यापुढे साधारण पुढील वाटा असतात.

भाड्याची स्वतंत्र वाहिनी: दोन ठिकाणांमध्ये केवळ आपल्यासाठी राखून ठेवलेली वाट. विलंब ठरावीक, गर्दी नाही. पण भाडे जास्त. शाखा वाढल्या की वाहिन्याही वाढतात.

एमपीएलएस: एका कंपनीचे मोठे जाळे अनेक ग्राहक वाटून वापरतात. प्रत्येक संदेशावर एक छोटी खूणचिठ्ठी असते. १९७२ साली सुरू झालेल्या पिन कोडमुळे मधल्या टपाल कार्यालयांना पत्रावरचा पूर्ण पत्ता वाचावा लागत नाही, तसेच मधली यंत्रे केवळ ही चिठ्ठी पाहून संदेश पुढे ढकलतात. एकाचे संदेश दुसऱ्यात मिसळत नाहीत आणि तातडीच्या संदेशांना अग्रक्रम देता येतो. बँकांना ही सोय मानवते.

इंटरनेटवरील व्हीपीएन: सार्वजनिक इंटरनेटवरूनच संदेश पाठवायचे, पण सांकेतिक भाषेत गुंडाळून. खर्च सर्वांत कमी. मात्र गर्दीच्या वेळी विलंब किती होईल याची हमी कोणी देत नाही.

एसडी-वॅन: ही नवी तार नव्हे. हाताशी असलेल्या दोन-तीन वाटांचा विलंब आणि गळती सतत मोजून, कोणता संदेश कोणत्या वाटेने न्यायचा हे ठरवणारी ही प्रणाली आहे. एका घाटात वाहतूक अडली हे कळताच दुसऱ्या घाटाने गाडी वळवणाऱ्या चालकासारखी. परंतु दुसरा घाटच नसेल तर चालक काय करणार?

उपग्रह: डोंगराळ आणि दुर्गम जागांसाठी. भूस्थिर उपग्रहाचा अर्धा सेकंद कायम आहे. मात्र २०१९ पासून स्टारलिंकसारखे सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरील उपग्रहसमूह सोडले जात आहेत. प्रश्न वर-खाली आणि उत्तर वर-खाली असा प्रवास धरला तरी त्यांच्यासाठी तो २,२०० किलोमीटरच्या आसपास होतो, म्हणजे ७-८ मिलिसेकंद. प्रत्यक्षात जमिनीवरील प्रवास आणि प्रक्रिया धरून तो याच्या काही पट होतो, तरी अर्ध्या सेकंदाच्या पुष्कळ खाली राहतो.

मोठ्या संस्था यांतली एकच वाट सर्वत्र वापरत नाहीत. मुख्य कचेरीला दोन वेगळ्या वाटांनी येणारे प्रकाशतंतू, मध्यम शाखांना एमपीएलएस आणि त्याला मोबाइलची जोड, लहान केंद्रांना केवळ व्हीपीएन, अशी विभागणी करतात. जाळे निवडताना आपण पाच प्रश्न विचारावेत. माहिती किती जाणार? उत्तराची वाट किती वेळ पाहता येईल? जोडणी तुटली तर काय अडेल आणि किती वेळ चालेल? दुसरी वाट खरोखर वेगळी आहे का? आणि या सगळ्याला वर्षाकाठी किती मोजणे परवडेल? कामाचे स्वरूप बदलले की हे पाचही प्रश्न पुन्हा विचारावेत.

वर्गासाठी

१. गावातील बँक, टपाल कार्यालय, रेशन दुकान आणि दवाखाना यांना विद्यार्थ्यांनी भेट द्यावी. दूरच्या संगणकाशी जोडणी कोणत्या प्रकारची आहे, ती तुटल्यावर कोणती कामे अडतात आणि कोणती चालू राहतात, याचा तक्ता करावा.

२. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. चंद्रावर शाखा उघडली तर तिला पाठवलेल्या प्रश्नाचे उत्तर लवकरात लवकर किती सेकंदांनी येईल? या शाखेत शेअर बाजाराची खिडकी चालेल का? दूध संकलनाच्या नोंदी पाठवता येतील का?

३. तीन स्वतंत्र जोडण्या प्रत्येकी ९५ टक्के वेळ चालतात. तिन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ वर्षात किती? तिन्ही तारा एकाच पुलावरून जात असतील तर उत्तरात काय बदल होईल, यावर चर्चा घ्यावी.

तिसऱ्या प्रश्नाचे आकडेमोडीचे उत्तर सुमारे १ तास ६ मिनिटे येते. त्यापुढच्या पुलाच्या चर्चेला मात्र तासिकेतला अधिक वेळ राखून ठेवावा. स्वतंत्र घटना म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना तिथेच उमगते.